आरोग्याचा तास कोण घेणार?

आपल्या रेडिओवर बोललेली ही गोष्ट आता छापून तुमच्या हातात येते आहे. गटाच्या बैठकीत एकीने वाचावी आणि बाकीच्यांनी ऐकावी, एवढीच आमची इच्छा.

मध्यंतरी आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि चहा होईपर्यंत गप्पा निघाल्या. एक मैत्रीण म्हणाली, तिची सातवीतली मुलगी दर महिन्याला चार दिवस शाळा बुडवते. का, तर शाळेत कुणाला काही विचारायची सोय नाही. पुस्तकात धडा आहे, पण तो धडा आला की "हा घरी वाचून या" असं सांगितलं जातं. आम्ही सगळ्या हसलो आणि मग गप्प झालो. आमच्या वेळीही असंच होतं. पाळी म्हणजे काय, हे आम्हाला पाळी आल्यावरच कळलं, तेही अर्धंमुर्धं. कुणी सांगितलं, लोणच्याला शिवू नको. अंगातलं रक्त कमी होतं, खायला काय हवं, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

त्या दिवशी प्रश्न पडला. गणिताला बाई आहेत, इंग्रजीला सर आहेत, मग आरोग्याचा तास कुणी घ्यायचा? आणि जी बाई तो घेणार, तिने स्वतः कुठे शिकायचं? आम्ही याचा मागोवा घ्यायला बसलो, तर गोष्ट आपल्याच जिल्ह्यात येऊन पोचली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. जुन्या गोष्टी सांगताना आम्ही त्याला नगरच म्हणू.

गोष्ट सुरू होते एका परदेशी बाईपासून. सिंथिया फरार ही अमेरिकेतली शिक्षिका. लग्न न केलेली एकटी बाई १८२७ साली जहाजातून मुंबईला आली. त्या काळी हे किती अवघड असेल, विचार करा. १८३९ साली ती नगरला आली आणि मुलींच्या शाळा चालवू लागली. १८६२ साली नगरमध्येच तिचं निधन झालं. अमेरिकन मराठी मिशनचं काम तेव्हा नगरला जोरात होतं. 'ज्ञानोदय' हे मासिकही १८४२ साली नगरलाच सुरू झालं. मिशनचा हेतू अर्थातच धर्माचा होता. पण मुलींना शाळेत बसवायचं तर शिकवायला बायका लागणार, आणि बायकांना आधी शिकवण्याचं शिक्षण द्यावं लागणार, हे फरारबाईंनी ओळखलं होतं.

जोतीराव फुले आपल्या मित्राबरोबर नगरला आले आणि त्यांनी फरारबाईंची शाळा पाहिली. मुली शिकताहेत हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. शिकवायला बाई कोण? घरातलीच, सावित्रीबाई. त्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. चरित्रकार दोन ठिकाणं सांगतात. एक पुण्यातली मिचेलबाईंची नॉर्मल स्कूल आणि दुसरं नगरचं फरारबाईंचं केंद्र. म्हणजे आपल्या मातीत शिकवणाऱ्या बाईने आधी स्वतः रीतसर शिकायचं, ही रीत पावणेदोनशे वर्षांची आहे.

सावित्रीबाई शाळेत जाताना लोक अंगावर शेण आणि चिखल टाकायचे, हे आपण दर ३ जानेवारीला ऐकतो. पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. त्यांच्या पाठीशी माणसं होती. नवरा होता, सगुणाबाई होत्या, जागा देणारे आणि वर्गणी देणारे स्नेही होते. प्रशिक्षण झालेलं होतं आणि पाठबळही होतं, म्हणून ती शाळा टिकली. हे लक्षात ठेवा, पुढे यावर परत येऊ.

शाळा आणि आरोग्य ही दोन कामं सावित्रीबाईंनी कधी वेगळी मानली नाहीत. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक मंडळींनी उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवलं, त्यात त्या पुढे होत्या. पोटात अन्न नसलेलं मूल पाटीवर काय लिहिणार? पुढे १८९७ साली पुण्यात प्लेग आला. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्याने पुण्याबाहेर हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई वस्त्यांमधून आजारी माणसं तिथे आणत होत्या. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या आणि त्यांनाही प्लेगने गाठलं. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. देशातल्या पहिल्या शिक्षिकांपैकी एक बाई रुग्णसेवा करता करता गेली. आजच्या आरोग्यशिक्षिकेची पहिली पणजी कोण, असं कुणी विचारलं तर आम्ही त्यांचंच नाव घेऊ.

सरकारी पातळीवर मात्र शाळा आणि आरोग्य यांची गाठ पडायला फार वेळ लागला. शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी आपल्या देशात पहिल्यांदा झाली ती १९०९ साली, बडोद्याला. तिथे तेव्हा सयाजीराव गायकवाडांचं राज्य होतं. बाकी देशात बराच काळ सामसूम. १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा मोठा अहवाल दिला. शाळांमधली आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. १९६० साली रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली खास शालेय आरोग्यासाठी समिती नेमली गेली. समित्या झाल्या, अहवाल झाले, पण खेड्यातल्या शाळेत आरोग्य म्हणजे नखं तपासणं आणि रांगेत उभं करून कवायत घेणं, एवढंच राहिलं.

कवायतीलाही स्वतःचा इतिहास आहे. जुन्या मुंबई प्रांतात १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था निघाली. पदवी घेतलेले तरुण तिथे शिकून शाळांमध्ये 'पीटीचे सर' झाले. आजही शाळेत शारीरिक शिक्षण आणि आरोग्य ही जोडी एकत्र येते. खेळ, व्यायाम, योगासनं उत्तमच. पण मैदानावरच्या सरांना मुलगी पाळीबद्दल कशी विचारणार? अंगावरून पांढरं जातं हे कसं सांगणार? जोडीतला आरोग्याचा भाग तिथेच मागे पडला.

आता परत आपल्या जिल्ह्यात येऊ, जामखेडला. डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे या नवरा-बायकोने वेल्लोरला वैद्यकीचं शिक्षण घेतलं आणि नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काही वर्षं काम केलं. तिथे त्यांना एक गोष्ट खुपत होती. आज बरं करून पाठवलेलं पोर महिन्याभराने त्याच जुलाबाने परत यायचं. औषध दवाखान्यात होतं, आजाराचं कारण गावात होतं. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली जामखेडला त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी पावणेदोनशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत दगावत होती. ज्यांनी बाळ गमावलं आहे त्यांना हा आकडा समजावून सांगायला नको.

आधी त्यांनी शिकलेल्या नर्स गावात ठेवून पाहिल्या. जमलं नाही. बाहेरून आलेली तरुण नर्स, एकटी, गावाला तिचा भरवसा नाही आणि तिला गावाचा नाही. मग गावकऱ्यांशी बोलताना वाट सापडली. गावातलीच बाई घ्या. गावानेच निवडून द्या. निवडल्या गेलेल्या अनेक बायका दलित किंवा गरीब घरातल्या होत्या. कितीतरी जणींना सही येत नव्हती. अंगठा उठवणारी बाई बाळंतपण आणि क्षयरोग काय शिकणार, असं म्हणणारे पुष्कळ होते.

शिकल्या. कशा शिकल्या, तेच आपल्या आजच्या विषयाचं मर्म आहे. एकदाच कुठेतरी प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्र मिळालं आणि संपलं, असं तिथे नव्हतं. बायका आठवड्याला जामखेडला यायच्या. वेगवेगळ्या जातींच्या बाया एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या. एक विषय शिकायच्या, गावात जाऊन करून बघायच्या, आणि पुढच्या वेळी येऊन सांगायच्या, हे जमलं, हे अडलं, सासूबाई ऐकत नाहीत, आता काय करू? अडलेल्या गोष्टीवर सगळ्या मिळून डोकं चालवायच्या. पोराचं वजन करणं, गरोदर बाईची तपासणी, लसीची आठवण, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं हे सगळं असं अंगवळणी पडलं. जुलाब लागले की एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पाजायचं, हे एकीने दुसरीला शिकवलं. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, तेव्हा बोअर घेऊन हातपंप बसवले गेले, आणि दलित वस्तीत पंप असेल असं मुद्दाम पाहिलं गेलं. पाण्यासाठी सगळ्यांना तिथे जावं लागलं. तोही आरोग्याचा धडाच होता.

काही वर्षांतच बाळांचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडची माहिती छापून आली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली यातल्याच एक आरोग्यसेविका, मुक्ताबाई पोळ, अमेरिकेत वॉशिंग्टनला मोठ्या सभेत बोलल्या. सभागृहात मोठाली झुंबरं लटकत होती. त्या म्हणाल्या त्याचा अर्थ असा होता, की डॉक्टर या झुंबरासारखे, देखणे पण महाग आणि लांब. आम्ही पणत्या. एका पणतीवर दुसरी लावता येते. २००५ नंतर गावोगावी आशाताई आल्या, त्यामागे जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव होता.

तुम्ही म्हणाल, ही तर गावच्या आरोग्यसेविकांची गोष्ट झाली, शाळेचं काय? सांगतो. जामखेडला दोन गोष्टी जुळल्या होत्या. शिक्षण पुन्हा पुन्हा मिळत होतं आणि बाई गावाने निवडलेली होती. शाळेतल्या आरोग्यशिक्षणाला या दोन्ही गोष्टी कमी पडल्या.

२००७ सालची गोष्ट घ्या. किशोरवयीन मुलामुलींना शरीरातले बदल आणि एड्सपासून बचाव शिकवण्याचा केंद्र सरकारचा कार्यक्रम शाळांमध्ये येत होता. पुस्तकातल्या चित्रांवरून आपल्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्रात तो थांबवला गेला. चित्रं कशी असावीत, कोणत्या वयाला काय सांगावं, यावर वाद होऊ शकतो. पण तो वाद चालू असताना ज्यांच्या मुली शाळेत होत्या त्या आयांना कुणी विचारलं का? आणि आपण तरी उठून म्हटलं का, की आमच्या मुलीला हे कळायला हवं? नाही म्हटलं. त्या दिवसापासून कितीतरी शिक्षिका तो धडा "घरी वाचून या" म्हणू लागल्या असतील, तर आम्हाला त्यांचा राग येत नाही. एकटी बाई किती अंगावर घेणार? र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या कामापायी त्यांना मुंबईतली नोकरी सोडावी लागली. पुढे १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, खटले सोसले. असं एकट्याने लढणं सगळ्यांना जमत नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

यानंतर दोन गोष्टी झाल्या, त्या आपल्या कामाच्या आहेत. पहिली, २०१३ सालचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. त्याची सुरुवात आपल्या राज्यात पालघरला झाली. डॉक्टरांचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येऊन मुलं तपासतं. दूरवर दिसत नाही, कानाने कमी ऐकू येतं, हृदयाला छिद्र आहे, रक्त कमी आहे, अशा गोष्टी सापडल्या की पुढच्या उपचाराला पाठवतं. दुसरी, २०२० सालचा आयुष्मान भारतमधला शालेय आरोग्य कार्यक्रम. यात सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या दोन शिक्षकांना, एक बाई आणि एक पुरुष, आरोग्याचं प्रशिक्षण द्यायचं आणि त्यांनी आठवड्याला एक तास घ्यायचा, असं ठरलं. विषय अकरा आहेत. वयात येणं, आहार आणि स्वच्छता, मनाचं आरोग्य, मुलगा-मुलगी समानता, व्यसनं, हिंसेपासून बचाव, एवढंच काय, मोबाईल जपून वापरणंही त्यात आहे.

म्हणजे २००७ साली बंद झालेलं दार पुन्हा उघडलं आहे. पण दार उघडलं म्हणून कुणी आत गेलं असं होत नाही. प्रशिक्षण काही दिवसांचं. ते घेतलेल्या बाईंची बदली झाली की शाळा परत कोरी. बाकी अभ्यासक्रम, कागदपत्रं, निवडणुकीची कामं यांच्या गर्दीत आठवड्याचा एक तास सहज गळून जातो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कितीतरी मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांच्या वाट्याला तो तास येतच नाही.

आणि गरज तर डोळ्यांसमोर आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांपैकी जवळजवळ २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. शाळा सुटते, लग्न होतं, अंगात रक्त नसताना पोर होतं, ही साखळी आपल्याला पाठ आहे. सहावी-सातवीच्या वर्गात आरोग्याचा तास नीट झाला, तर ती पहिल्याच कडीला तुटू शकते.

मग ही शिक्षिका तयार कशी होते? आपल्या मुली विचारतात म्हणून नीट सांगतो. बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड. केलं की प्राथमिक शाळेची वाट मोकळी होते. पदवीनंतर दोन वर्षांचं बी.एड. केलं की वरच्या वर्गांना शिकवता येतं. विज्ञानाची पदवी असेल तर शरीराचे धडे तिच्याच वाट्याला येतात. खेळाची आवड असेल तर पदवीनंतर दोन वर्षांचं बी.पी.एड. आहे. शारीरिक शिक्षण आणि आरोग्य हा विषय शिकवायला बाया पुढे आल्या, तर मैदानावर मुलींना विचारायला हक्काचं माणूस मिळेल. नोकरीसाठी शासनाच्या परीक्षा द्याव्या लागतात, हेही सांगून ठेवतो, नाहीतर पोरी फी भरून बसतात आणि नंतर कळतं. ज्यांचं शिक्षण लग्नामुळे सुटलं, त्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरकाम सांभाळून पदवी घेता येते. ते १९८९ सालापासून चालू आहे.

पण नुसत्या पदवीने काम भागत नाही, हे जामखेडने दाखवलं आहे. शिकलेल्या बाईने परत परत शिकायला यायला हवं, अडलेलं सांगायला हवं, आणि तिच्या पाठीशी गाव हवं. पहिल्या दोन गोष्टी सरकारकडे मागायच्या. तिसरी मात्र आपल्याच हातात आहे.

आमच्या गटाने काय करायचं ठरवलं ते सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या बायका असाव्या लागतात. आमच्यातल्या दोघी त्या समितीत आहेत. आजवर त्या सही करून यायच्या. आता विचारणार आहेत. आपल्या शाळेत आरोग्याचे ते दोन शिक्षक कोण? आठवड्याचा तास वेळापत्रकात कोणत्या वारी आहे? मुलींच्या संडासात पाणी येतं का, कडी लागते का, कपडा किंवा पॅड टाकायची सोय आहे का? सहावीपासून दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी खरंच पोटात जाते की दप्तरात राहते? तपासणी पथक शेवटचं कधी आलं आणि ज्यांना पुढे पाठवलं त्या मुलांचं काय झालं?

शाळेतल्या बाईंना भेटायलाही गेलो होतो. तक्रार घेऊन गेलो नाही. "तुम्ही तो धडा वर्गात शिकवा. कुणी काही बोललं तर आम्हाला सांगा, आम्ही आया तुमच्या बाजूने बोलू," एवढंच म्हणालो. बाई थोड्या वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं." पुढच्या शनिवारी आशाताईंना बरोबर घेऊन त्या तो तास घेणार आहेत. मुलग्यांनाही बसवणार आहेत, कारण उद्या तेही कुणाचे तरी नवरे आणि बाप होतील.

आणखी एक गोष्ट. नगर, पुणे, नाशिक या जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांमधून मुली पदवी घेतात, त्या विद्यापीठाला २०१४ सालापासून सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. म्हणजे आपली लेक शिक्षिकेची पदवी घेऊन घरी येईल तेव्हा कागदावर वरच तिचं नाव असेल, जी शिकवण्याचं शिक्षण घ्यायला कधीकाळी आपल्या नगरला आली होती. तो कागद भिंतीवर लावाच. पण लावताना लेकीला हेही सांगा, की "हा तास घरी वाचून या" असं तू कुठल्याही पोरीला म्हणायचं नाही. आणि गावाने तुला बोल लावला, तर आम्ही आहोत.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटातही विचारून बघा, आपल्या शाळेत आरोग्याचा तास कोण घेतं? काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवा. तोवर तब्येतीला जपा. नमस्कार.